आड आणि गुलाबाचे वाफे

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली असं सांगितलं की नव्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, "मग आमच्या घरचं पाणी कसं आहे?" जणू पेल्याकडं नुसतं बघून मी सांगणार आहे. बघून काहीच कळत नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी तपासलेलं सगळ्यात वाईट पाणी काचेसारखं नितळ होतं, गार होतं आणि चवीलाही गोड होतं. त्या पाण्याची ही हकिगत. तिच्यात माझीही एक चूक आहे आणि ती मी आजवर कुठं लिहिलेली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला त्यानंतरची ही गोष्ट. उस्मानाबादहून एकेक कार्यालय येत होतं, भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या. आमची प्रयोगशाळाही एका घराच्या तीन खोल्यांत सुरू झाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर आमचे बर्नर, न्हाणीत बाटल्या धुवायच्या, आणि देवघराच्या कोनाड्यात वजनाचा तराजू, कारण तिथं वारा लागत नसे. मी देगलूरची. बी.एस्सी. झाले आणि सहायक म्हणून लागले. माझे वडील विहिरी खोदायच्या कामावर जायचे. त्यांनी खोदलेल्या कितीतरी विहिरींना पाणी लागलं की मग त्याच विहिरींच्या कट्ट्यावर त्यांना चढू देत नसत. मुलगी पाण्याच्या नोकरीत लागली हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नीट तपास बाई. कोणाचं का असंना."

लोक पाणी आणायचे ते कशातही. रॉकेलच्या बाटलीत, लोणच्याच्या बरणीत, खोकल्याच्या औषधाच्या शिशीत. एक गृहस्थ थेट उदगीरहून भावाच्या विहिरीचं पाणी घेऊन आले होते आणि "खराब हाय एवढं लिहून द्या" म्हणून दोन तास बसले. पाणी उत्तम निघालं. ते इतके नाराज झाले की कागद न घेताच गेले.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं. नव्या कॉलन्यांमध्ये घरोघरी लहान आड होते. एरवी ते पाणी भांड्यांना आणि झाडांना वापरत. आता लोक तेच पिऊ लागले, म्हणून आम्हाला आदेश आला की कॉलन्यांमधले आड तपासा. बाटल्यांची पेटी घेऊन मी घरोघर फिरू लागले.

गोविंदरावांचं घर मला लांबूनच दिसलं. सगळी कॉलनी करपलेली आणि मध्येच एक हिरवा चौकोन. आत गुलाबाचे सहा वाफे, कडेनं पपई आणि लिंबू, आणि मधोमध आड. गोविंदराव शेती खात्यातून निवृत्त झाले होते. उंच, पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत कायमची माती. त्यांनी हौसेनं मला एकेका गुलाबाचं नाव सांगितलं. पाणी कमी झाल्यावर झाडं मलूल पडली, तेव्हा दर आठवड्याला युरियाची मूठ वाढवली आणि बाग पुन्हा उभी राहिली, असंही सांगितलं. शेणखताचा ढीग आडाला लागूनच होता. युरियाचं पोतं आडाच्या कट्ट्यावर, हाताशी बरं म्हणून. फवारणीचा पंपही तिथंच धुतलेला दिसत होता.

मी पोहरा सोडून बाटली भरत होते तेव्हा त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बाहेर आल्या. माझं नाव विचारलं. मी गायकवाड म्हणून सांगितलं.

"कोणते गायकवाड?"

"देगलूरचे," मी म्हणाले.

प्रश्न गावाचा नव्हता हे मला कळलं होतं, आणि मी जे सांगितलं नाही ते त्यांना कळलं होतं. मी पेटी बंद करून फाटकाबाहेर आले. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून तिथं जरा थांबले, तर आत पाण्याचा आवाज आला. सुशीलाबाई आडाचा कट्टा धूत होत्या. त्या दुष्काळात दोन पोहरे पाणी ओतून. ते पाणी कट्ट्यावरून, पोत्याखालून, खताच्या ढिगाच्या कडेनं वाहत परत आडाच्या तोंडाशी जात होतं. ते मी पाहिलं, आणि तपासनीस म्हणून तिथल्या तिथं आत जाऊन सांगायला हवं होतं. मी चप्पल हातात घेतली आणि निघाले.

त्या पाण्यात नायट्रेट फार निघालं. हे काय असतं ते थोडक्यात सांगते. युरिया, शेण, मैला यांतला नत्र जमिनीत मुरताना त्याचं नायट्रेट होतं. झाड आपल्याला हवं तेवढं घेतं, उरलेलं पाण्याबरोबर खाली उतरतं. ते मिठासारखं विरघळतं, पण त्याला ना रंग, ना वास. मोठ्या माणसाला सहसा काही जाणवत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर मात्र रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. आम्ही ते असं ओळखायचो : थोडं पाणी आटवून कोरडं करायचं, त्यावर दोन औषधं एकामागून एक घालायची, की पिवळा रंग चढतो. जितका पिवळा गडद, तितकं नायट्रेट जास्त. गोविंदरावांच्या आडाचं पाणी हळदीसारखं झालं होतं.

असा निकाल आला की मी स्वतः जाऊन सांगत असे. या वेळी गेले नाही. छापील नमुन्यावर "नायट्रेटचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक, पिण्यास अयोग्य" असं लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि कागद टपालात टाकला. नियमानं काम पूर्ण झालं होतं. नोंदवहीत मी बरोबरची खूणही केली.

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. सरकारी दवाखान्यातून शिपाई एक बाटली आणि चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी लहान मुलांच्या डॉक्टरांची होती. अडीच महिन्यांची मुलगी, ओठ आणि नखं निळसर, हृदय ठीक, सुईनं काढलेलं रक्त चॉकलेटच्या रंगाचं. बाळाचं दूध ज्या पाण्यात कालवतात ते सोबत पाठवलं आहे, नायट्रेट ताबडतोब पाहावं. खाली पत्ता होता. गोविंदरावांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, ते मला बाटली भरली त्या दिवशी ठाऊकच नव्हतं. तिथं किनवटचं एक जोडपं राहायचं. प्रकाश नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, रेखा त्याची बायको. बाळंतपणानंतर रेखाला विषमज्वर झाला, दूध आटलं आणि मुलगी डब्याच्या दुधावर आली.

मी नोंदवही काढली. माझंच अक्षर, माझीच बरोबरची खूण. मग पाणी तपासलं. पहिल्यापेक्षाही गडद निघालं. निकाल टपालानं पाठवायचा प्रश्न नव्हता. मी कागद घेऊन दवाखान्यात पळत गेले.

रेखा बाकावर बसली होती. अंगावर धड मांस नव्हतं. डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की दोष पाण्याचा आहे.  "मी तर उकळून द्यायची ओ बाई," ती म्हणाली. "पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची. आजारी पडले तवापासून जास्तच."

 उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे पाणी निम्मं झालं की ते दुप्पट दाट होतं. त्या आईनं जितकी जास्त काळजी घेतली तितकं ते बाळाला जास्त गेलं. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. डॉक्टरांनीही नाही. अंबाजोगाईहून इंजेक्शन मागवावं लागलं, तोवर मुलीला प्राणवायूच्या नळीवर ठेवलं. निळ्या पडलेल्या मुलांना द्यायचं ते औषधही निळंच असतं. ते दिल्यावर तासाभरात मुलीचे ओठ गुलाबी झाले. आठवड्यानं ती घरी गेली.

मला मात्र आता त्या फाटकातून आत जायचंच होतं.

सुशीलाबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. माझा कागद खुंटीला लावलेल्या तारेत बाकीच्या सरकारी कागदांबरोबर ओवलेला होता. गोविंदरावांनी तो वाचला होता. "पिण्यास अयोग्य तर सगळ्याच आडांना लिहिलं असंल म्हणलं," ते म्हणाले. माणूस हबकून गेला होता, पण बागेचं नाव काढल्यावर ताठ झाला. युरिया झाडाचं अन्न आहे, त्यानं विष कसं होईल, असं त्यांचं म्हणणं. संडासाची टाकी असेल, मागच्या गल्लीतलं गटार असेल. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. शिरूर अनंतपाळच्या भागात त्यांची सगळी नोकरी झाली होती. युरियाला लोक घाबरायचे तेव्हा यांनी गावोगावी फिरून, घराच्या परसात पपई-लिंबाची रोपं लावून देऊन, हातानं युरिया टाकून दाखवला होता. मी आज त्यांना जे सांगत होते ते खरं मानायचं तर पुष्कळ काही खोटं मानावं लागणार होतं.

मी टाकीची शक्यता नाकारली नाही. टाकीचा काहीच संबंध नाही असं प्रामाणिकपणे सांगताच येत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "बाई, मी जन्मभर लोकांना प्रात्यक्षिक करून दाखवलं. तोंडानं कुणी ऐकत न्हाई. मला बी दाखवा."

आम्ही ठरवलं की ते पाच बाटल्या आणतील. कशात कुठलं पाणी आहे ते मला सांगणार नाहीत, नुसते आकडे घालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून, स्वच्छ कपड्यांत प्रयोगशाळेत आले. मी ओट्यावर पाच नळ्या मांडल्या. ते माझ्या शेजारी उभं राहून प्रत्येक गोष्ट बघत होते. औषध कुठलं, किती थेंब, सगळं विचारत होते. मला वाटतं त्या वेळी त्यांना माझं गाव, आडनाव काही आठवत नसावं. एका कामातला माणूस दुसऱ्या कामातल्या माणसाचे हात बघतो, तसं ते बघत होते.

एक नंबर फिका आला. दोन त्याच्याहून जरासा पिवळा. तीन गडद. चार पुन्हा फिका. पाचची नळी इतकी पिवळी झाली की तिच्याआडचं बोट दिसेना.

गोविंदरावांनी खिशातून चिठ्ठी काढली, पण वाचली नाही. त्यांना पाठच होती. एक म्हणजे टँकरचं पाणी. दोन शेजारच्या घरचा आड. त्यालाही संडासाची टाकी तेवढीच जवळ, पण तिथं बाग नाही. तीन त्यांचा स्वतःचा आड. चार पलीकडच्या गल्लीतला हातपंप.

"आणि पाच?" मी विचारलं.

"आमचाच आड," ते म्हणाले. "रेखाला इचारलं, कसं उकळत होतीस. तिनं दाखवलं तसं उकळून आणलं."

मग ते स्टुलावर बसले. मी बाटल्या धूत राहिले. मध्येच म्हणाले की ही पोरगी आपल्या अंगणात जन्मली, बारसं आपल्या सोप्यात झालं. मग मी त्यांना माझी चूक सांगितली. कागद टपालात टाकण्याऐवजी मी यायला हवं होतं, असं म्हणाले. का आले नाही ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, पण मान खाली घातली, त्यावरून त्यांना ते समजलं असावं असं मला वाटलं. सुशीलाबाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. त्यानंतर त्या घरात मी कितीदा गेले, चहा घेतला, जेवलेसुद्धा. पण काही गोष्टी तशाच राहतात, त्यांच्यावरून पाय उचलून पुढं जावं लागतं.

गोविंदरावांनी त्याच दिवशी आडाचं पाणी पिण्यासाठी बंद केलं आणि कट्ट्यावर लाल रंगानं तसं लिहिलं. रेखासाठी टँकरचं पाणी ते स्वतः भरून आणू लागले. मग त्यांनी बाग मोडायला घेतली. दोन वाफे उपटल्यावर मी थांबवलं. बाग मोडून मला काही मिळणार नव्हतं. बागेवर प्रेम असलेला माणूसच बाग सुधारू शकतो, आणि मला तशी माणसं हवी होती.

मग आम्ही दोघांनी मिळून बागेचं सगळं नव्यानं बसवलं. माझ्याकडं पाण्याचं ज्ञान होतं, मातीचं त्यांच्याकडं. खताचा ढीग आडापासून लांब, उताराच्या बाजूला नेला आणि वर पाचट टाकलं. युरिया बंद केला. पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही झाडाला पेलेल एवढंच. वाफ्यांचा उतार आडाकडं होता तो उलटा फिरवला. आडाचा कट्टा हातभर उंच केला. उघड्या मातीवर तुरीचं भुस्कट अंथरलं, त्यानं पाणीही कमी लागू लागलं. पंप धुवायचा तो बागेच्या दुसऱ्या टोकाला. सांडपाणी जाई तिथं कर्दळ आणि अळू लावलं, कारण ती झाडं पाण्यातलं नत्र अधाशासारखं शोषून घेतात. गुलाब पहिल्या वर्षी लहान आले. गोविंदरावांना ते लागलं. रोज सकाळी एकेका फुलाजवळ उभे राहायचे, पण युरियाला पुन्हा हात लावला नाही.

त्याच कॉलनीत पुढं आम्ही दोघं घरोघर गेलो. मी एकटी जायची तेव्हा लोक दारातूनच "बरं, बरं" म्हणायचे. गोविंदरावांची पद्धत वेगळी. ते आधी झाडांची चौकशी करत. पपईवर मावा आहे, लिंबाला पाणी जास्त होतंय, असं सांगत. घरधनी खूश व्हायचा. मग ते आडाजवळ जात आणि आपल्याच घरात काय झालं ते सांगत. कुणाचं नाव झाकत नसत. "माझ्या आडानं लेकरू निळं पडलं," एवढं ते म्हणाले की पुढचं सगळं सोपं जाई. एका वकिलांनी मात्र आम्हाला ऐकूनच घेतलं नाही. आपली हिरवळ आपल्या खर्चाची, असं म्हणाले. त्यांचा आड शेवटपर्यंत तसाच राहिला. सगळे ऐकतात असं नाही.

पाऊस झाला तेव्हा मला वाटलं आता गोविंदरावांचं पाणी सुधारेल. तपासलं तर उलट वाढलेलं. जमिनीत साठलेलं सगळं पहिल्या पावसानं खाली नेलं होतं. ते ऐकून ते खचले. मी सांगितलं की जमिनीला विसरायला वेळ लागतो, आणि मला स्वतःला तरी कुठं नक्की माहीत होतं किती लागेल. तीन पावसाळे गेले. दर काही महिन्यांनी ते बाटली घेऊन येत, स्टुलावर बसत. चौथ्या वर्षी रंग मर्यादेच्या आत आला. तोवर प्रकाशची नांदेडला बदली होऊन ती मंडळी गेली होती. मुलगी चांगली धावू लागली होती. गोविंदरावांनी त्यांना पत्र लिहून पाण्याचा निकाल कळवला. रेखाचं उत्तर आलं, त्यात पाण्याबद्दल काही नव्हतं. मुलीचा एक फोटो होता.

मला वाटलं इथं काम संपलं. पण एक दिवस गोविंदराव माझ्याकडं दोन डझन रिकाम्या बाटल्या मागायला आले. शिरूर अनंतपाळकडं जायचं म्हणाले. ज्या घरांच्या परसात त्यांनी स्वतः झाडं लावून दिली होती तिथले आड तपासायचे होते. सुट्टी काढून मीही गेले.

पहिल्याच गावात एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांच्या परसात लिंबाचं मोठं झाड होतं, गोविंदरावांनी लावलेलं, आणि झाडाखालीच आड. गोविंदराव बोलत असताना ते ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तवा युरिया टाका म्हणून तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"



"हाव," गोविंदराव म्हणाले. "मीच सांगितलं. अर्धंच ठाऊक हुतं मला. उरलेलं सांगाया आलोय."

 म्हातारबाबांनी उठून पोहरा आडात सोडला आणि आमची बाटली भरून दिली.

संध्याकाळच्या बसमध्ये गर्दी होती. गोविंदरावांनी बाटल्यांची पेटी लातूर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. दोन दिवसांनी निकाल लागले. बहुतेक बाटल्या ठीक होत्या, पाच पिवळ्या झाल्या. त्यांतली एक त्या म्हाताऱ्यांची होती. मी पाचही नावं कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि शिरूरला सकाळची पहिली गाडी किती वाजता असते, एवढंच विचारलं.